पावसाळ्यात भिंतीला ओल येते? रंगाऱ्याला बोलावण्याआधी हे तपासा

जून संपता संपता मला येणारे फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात : "दिवाळीलाच रंग लावून घेतला होता हो, चांगला भारीतला, आणि पुन्हा त्याच जागी पोपडे!" रंगाचा यात काही दोष नसतो. भिंतीतून पाणी बाहेर यायला निघाले की कोणताही रंग त्याला अडवू शकत नाही.

ठाणे-डोंबिवली पट्ट्यातल्या चार-पाच मजली सोसायट्यांची गळतीची कामे मी घेतो. इमारती बहुतेक १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या. ओलीची कारणे मोजकीच असतात, तरी दरवर्षी पैसा चुकीच्या जागी जातो. कारण पाणी शिरते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे. गच्चीच्या कोपऱ्यात शिरलेले पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून सरकत खोलीच्या मधोमध पंख्याच्या हुकाशी टपकते. मग हुकाभोवती लांबी (पुट्टी) भरली जाते, वर रंगाचा हात मारला जातो, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तेच.

आधी लक्षणे : ओल कुठे यापेक्षा कधी, हे बघा

पेन्सिल घ्या. डागाच्या कडेने रेघ ओढा, बाजूला तारीख आणि वेळ लिहा, फोटो काढा. दोन-तीन दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला का, ते बघा. पाऊस सरळ होता की वाऱ्याबरोबर झड लागली होती, हेही लिहून ठेवा. पावसाळ्यातली ही आठवडाभराची नोंद कुठल्याही महागड्या यंत्राइतकीच उपयोगी पडते, आणि कारागीर आल्यावर त्याचा अर्धा वेळ वाचतो.

नोंद झाली की साधारण असे ताडता येते :

- झड लागली की तासा-दोन तासांत भिंत ओली, सरळ पडणाऱ्या पावसात मात्र कोरडी : पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा खिडकीपाशी शिरते आहे. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून एकाच मजल्यावरचे पश्चिमेचे घर ओले आणि पूर्वेचे खडखडीत, असे सर्रास दिसते.
- वरच्या मजल्यावर छताला ओल. पहिल्या पावसात काही नाही, तीन-चार दिवसांच्या संततधारेनंतर सुरू, आणि उघडीप पडल्यावरही टपकणे चालूच : गच्चीच्या कोब्यात, म्हणजे स्लॅबवर घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरात, पाणी साठले आहे.
- पाऊस असो नसो, जानेवारीतही ओल : हे पावसाचे पाणीच नव्हे. वरच्या घराचे न्हाणीघर, तिथला नहाणी ट्रॅप (फरशीतले सांडपाणी जायचे तोंड) किंवा भिंतीतली नळाची लाइन तपासायला हवी. सोसायटीचे पाणी सोडायच्या वेळेलाच डाग वाढत असेल तर नळाची लाइन. वरच्या घरी आंघोळी झाल्यावर वाढत असेल तर सांडपाण्याची.
- तळमजला, ओल जमिनीपासून वर चढलेली, साधारण मीटरभर उंचीपर्यंत, आणि वरच्या कडेला पांढऱ्या लोण्याची, म्हणजे भिंतीतून फुटलेल्या क्षारांची, वेडीवाकडी रेघ : जोत्यातला ओल अडवणारा थर नाही किंवा निकामी झाला आहे. अंगणात भर घालून किंवा फरशी चढवून जोतेच बुजवले असेल तरी हेच होते.
- कपाटामागे, कोपऱ्यात काळे ठिपके, कुबट वास, पण डागाला ठळक कडा नाही : बहुधा हवेतली वाफ गार भिंतीवर जमते आहे. शेजारच्या खोलीत रात्रभर एसी चालत असेल तर मधल्या भिंतीला अलीकडून असा घाम फुटतो.

शेवटच्या दोन प्रकारांत संशय उरला तर स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा. जागा आधी फडक्याने कोरडी करून घ्या. दोन दिवसांनी खोलीकडच्या बाजूला दव दिसले तर पाणी हवेतले. भिंतीकडच्या बाजूला दिसले तर भिंतीतले. हवेतले असेल तर कपाट चार बोटे पुढे ओढा, पंखा-खिडकी चालू ठेवा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. वॉटरप्रूफिंगवाल्याची गरजच नाही. मी अशा घरातून काही न करता परत येतो, आणि लोकांना ते जरा फसवल्यासारखे वाटते.

फुकटातले : गच्चीची जाळी

सर्वांत आधी गच्चीवर जा. पाणी उतरायच्या तोंडाशी कबुतरांची पिसे, पिंपळाची पाने, प्लास्टिकची पिशवी, गेल्या वर्षीच्या रंगकामाचा सिमेंटचा गोळा, यातले काही ना काही सापडतेच. तोंड तुंबले की गच्चीचे तळे होते, पाणी कठड्याच्या पायथ्यापर्यंत चढते आणि जिथे एरवी पाणी उभेच राहत नाही अशा सांध्यांतून आत शिरते. तोंड साफ केल्यावर जाळी परत बसवा. जाळी काढून टाकली की पाणी झरझर उतरते खरे, पण मग कचरा पाइपाच्या बाकात अडकतो आणि काम प्लंबरकडे जाते.

ही सफाई मेच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी. मुंबईत मोसमी पाऊस यायची नेहमीची तारीख ११ जून, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच दाखल झाला. त्याआधी मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस ओतला होता. पहिल्या दोन मोठ्या सरींनंतर पुन्हा एकदा वर चक्कर मारा, कारण वर्षभराची धूळ-पाने त्या सरी गोळा करून तोंडाशी आणून ठेवतात.

शंभर-दोनशे रुपयांतले : खिडकी आणि भिंतीतली भोके

माझ्या अनुभवात झडीच्या गळतीत खिडकीचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि लोक तिथे सर्वांत शेवटी बघतात, कारण डाग खिडकीखाली किंवा तिच्या बाजूला फूटभर अंतरावर उमटतो.

सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीत, बाहेरच्या बाजूला, पाणी जायला बारीक भोके असतात. त्यांत धूळ बसते. पट्टीत पाणी भरून ते आतल्या बाजूने ओसंडते आणि चौकटीखालून भिंतीत उतरते. जुना टूथब्रश आणि तार घेऊन भोके मोकळी करा, तांब्याभर पाणी पट्टीत ओता आणि ते बाहेर पडते का बघा. पडत नसेल तर भोके ठेवलेलीच नाहीत. असेही पाहिले आहे. फॅब्रिकेटरला (खिडकी बनवणाऱ्याला) बोलावून ती पाडून घ्या.

मग खिडकीचा दगड. उंबरठ्यावरचा ग्रॅनाइट किंवा कडप्पा बाहेरच्या बाजूला उतरता हवा. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. आत सरकले तर कारण सापडले. चौकट आणि भिंत यांच्यातले सिलिकॉन नखाने उचकटून बघा. उन्हाने ते कडक होऊन सुटते, लांबून मात्र शाबूत दिसते. जुन्यावर नवे चोपडून उपयोग नाही, धरतच नाही. जुने पूर्ण खरवडा, जागा कोरडी करा, मगच नवे भरा. पावसाळ्यात हे करायचे तर दोन दिवसांची उघडीप गाठा.

ग्रिलचे पाय भिंतीत ठोकलेले असतात. तिथे गंज फुगून भोवतीचा गिलावा फोडतो, आणि त्या भेगेतून पाणी थेट विटेपर्यंत जाते. एसीच्या पाइपाचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते हवे, पण पाडणारा माणूस खोलीत उभा राहून सरळ ड्रिल घालतो आणि बाहेरून त्या भोकात काहीही भरत नाही. इंटरनेटच्या केबलचे तर विचारूच नका. केबल वरून उतरून सरळ भोकात शिरली की तिच्या अंगावरून पाणी ओघळत घरात येते. भोकाच्या आधी केबलला खाली एक झोल द्या, थेंब तिथून खाली पडतो. खर्च शून्य, आणि एका घरात तर सगळी गळती एवढ्याने थांबली.

छज्जा आणि पाइप : बघायचे, चढायचे नाही

छज्ज्यावर माती साचते, कुंड्या ठेवल्या जातात, एसीचे बाहेरचे युनिट बसवले जाते. छज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे पाणी उभे राहिले की ते भिंतीत झिरपते आणि ओल खालच्या घराच्या खिडकीच्या वर दिसते. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेजवळ, एक खाच असते. पाणी तिथे तुटून खाली पडावे म्हणून. रंगकामात ती बुजवली गेली असेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाला धरून भिंतीपर्यंत परत येते.

पिंपळाचे, उंबराचे रोप दिसले तर वरून कापून भागत नाही. मुळे सांध्यात राहतात आणि दुप्पट जोमाने फुटतात. पिंपळाला हात लावायला काही कारागीर तयार नसतात, नारळ फोडून मग काढतात. नारळ आणून द्या, पण मुळासकट निघाले का ते बघा आणि खाच लगेच भरून घ्या.

पावसाच्या पाण्याचा पाइप भर पावसात खालून बघा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून. पाइपाच्या मागे भिंतीवर हिरव्या शेवाळाची उभी पट्टी असेल तर पट्टी जिथून सुरू होते त्याच सांध्यातून गळती आहे. ही खूण कोरड्या दिवसातही पुसली जात नाही.

छज्ज्यावर स्वतः उतरू नका. जुन्या छज्ज्याची सळई गंजून किती उरली आहे, हे वरून कळत नाही. ते काम परांची बांधणाऱ्या किंवा दोरावर पट्टा लावून उतरणाऱ्या माणसांचे.

नळीची चाचणी

वरचे सगळे करूनही झडीची ओल थांबली नाही, तर पाऊस संपल्यावर भिंत सुकू द्या आणि बागेच्या नळीने खोटा पाऊस पाडा. नियम एकच : खालून वर. आधी खिडकीच्या दगडाच्या खाली दहा-पंधरा मिनिटे, मग दगडावर, मग चौकटीच्या बाजू, मग छज्ज्याचा सांधा, शेवटी वरची भिंत. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळेच ओले होते आणि नेमके कुठून शिरले ते कळत नाही. फवारा सौम्य ठेवा. जोरदार झोत मारला तर धडधाकट भिंतही गळेल.

बाहेरची भिंत

इथून पुढे खर्च हजारांत जातो. काँक्रीटचा कॉलम-बीम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावर सरळ भेग दिसते का बघा. उन्हात दोघे वेगवेगळे प्रसरण पावतात, म्हणून गिलावा करताना त्या सांध्यावर जाळी मारायची असते, आणि ती अनेकदा मारलेली नसते. अशा भेगेत नुसते सिमेंट भरले तर पुढच्या उन्हाळ्यात ती शेजारून पुन्हा उघडते. भेग खाच पाडून रुंद करायची, धूळ झाडायची आणि आत लवचीक सीलंट भरायचे. गिलाव्यावर हातोडीच्या मागच्या टोकाने हलके ठोका. बद्द आवाज आला तिथे तो भिंतीपासून सुटला आहे. सुटलेल्या गिलाव्यावर कितीही महाग रंग लावा, खाली पाणी साठणारच. तेवढा भाग काढून नव्याने दोन थरांचा गिलावा करावा लागतो.

आतून लावायचे 'डॅम्पप्रूफ' रंग, टाइल, पीव्हीसी पॅनेल याबद्दल मला रोज विचारतात. पाणी आतच राहते आणि दुसरीकडे वाट काढते. पॅनेलमागे तर बुरशीचे रान माजते, आणि ते दिसत नाही हाच त्याचा धोका.

कोकणात अलीकडे चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतीवर सपाट स्लॅब टाकून बंगले बांधतात, तिथली ओल वेगळीच. जांभा दगड सच्छिद्र असतो, पाणी पितो. जुन्या कौलारू घराच्या लांब पागोळ्या भिंतीपासून दूर पडायच्या, पडवीला पावसाआधी झाप बांधले जायचे. म्हणजे भिंतीपर्यंत झड पोचूच नये असाच सगळा बेत असे. सपाट स्लॅबला तो पदर नसतो. अशा घरात रसायनांवर खर्च करण्याआधी पश्चिमेला दोन-अडीच फुटांचे पुढे आलेले पत्र्याचे किंवा कौलाचे छप्पर घाला.

गच्ची

आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, वर आयपीएस (सिमेंट-काँक्रीटचा गुळगुळीत थर) किंवा चायना मोझॅक (फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी). वरचा थर एका जागी फुटला तरी पाणी सगळ्या कोब्यात पसरते, विटा ते धरून ठेवतात आणि स्लॅबच्या कमकुवत जागी सोडतात. म्हणून डागाच्या नेमके वर भेग शोधण्यात अर्थ नाही. शोधायच्या जागा या : कठड्याच्या पायथ्याचा गोला (कोपरा गोलसर करणारा सिमेंटचा भराव), पाइप स्लॅबमधून जातात ती तोंडे, टाकीच्या खांबांचे सांधे, आणि डिश अँटेना किंवा सोलर हीटरच्या स्टँडसाठी मारलेले बोल्ट. बोल्ट मारणारा कोब्यात भोक पाडून निघून जातो, आणि त्या चार भोकांचा खर्च सोसायटी पुढची पाच वर्षे भरते. कठड्याचा माथाही बघा. तो आतल्या बाजूला उतरता हवा आणि त्यावर आडव्या भेगा नकोत.

खात्रीसाठी पाऊस संपल्यावर गच्चीचे भाग पाडून, तोंडे बुजवून, दोन इंच पाणी ४८ तास उभे ठेवतात आणि खाली लक्ष ठेवतात. पण दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो. खालच्या छताचे काँक्रीट फुगले असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ही चाचणी करू नका.

दुरुस्तीत सर्वांत वाईट सवय म्हणजे जुना कोबा न काढता त्यावर नवा टाकणे. चार इंच कोब्याचे वजन दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जाते. शिवाय जुन्यात अडकलेले पाणी दोन थरांमध्ये कोंडले जाते. जुना काढायचा म्हटले की कंत्राटदार मलबा उचलण्याचे पैसे सांगतो आणि कमिटी मागे हटते. मी तरी असे काम घेत नाही.

हे काम दिवाळीनंतर ते मे यांच्यात करा. भर पावसात कोणी "केमिकल मारून गळती बंद करतो" म्हणाला तर तात्पुरती ताडपत्री बांधून घ्या आणि त्याला नोव्हेंबरमध्ये यायला सांगा.

इथे थांबा, माणूस बोलवा

स्विचबोर्ड, पंख्याचा हुक किंवा दिव्याच्या पाइपातून पाणी येत असेल तर आधी त्या भागाचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातले वीज तोडायचे बटण) खाली करा, मग इलेक्ट्रिशियन, मग गळती. ओल्या बोर्डाला हात लावून "बघतो काय झालेय ते" नको.

पीओपीचे छत पोटासारखे फुगले असेल तर खालून माणसे आणि सामान हलवा.

तपकिरी गंजाचे ओघळ, काँक्रीटचे पापुद्रे, उघडी सळई, बीम किंवा कॉलमवर सळईच्या रेषेत गेलेली भेग, अचानक घट्ट बसू लागलेला दरवाजा : यातले काहीही दिसले तर वॉटरप्रूफिंगवाला पुरेसा नाही. गंजल्यावर लोखंड मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो, आणि शक्यतो कुठले रसायन न विकणारा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराची नमुना नियमावली) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. कमिटीकडे शेवटचा अहवाल मागा.

पैसे कोणाचे?

पावसाच्या पाण्याची गळती, गच्ची, कठडा, बाहेरचे सामाईक पाइप यांची दुरुस्ती त्याच उपविधींनुसार सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. वरच्या घरातल्या न्हाणीघराची गळती त्या सभासदाची. म्हणूनच सुरुवातीची नोंद महत्त्वाची. "वरच्या काकांच्या बाथरूममुळेच" असे म्हणून वर्षभर बोलणे बंद आणि कारण मात्र गच्चीच्या तोंडात अडकलेली पिशवी, अशी भांडणे मी पुष्कळ पाहिली आहेत. इमारत नवी असेल, ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील, तर रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बांधकामातला दोष बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या, फोटो जोडा.

आतला रंग कधी?

बाहेरचे काम झाले म्हणजे भिंत लगेच सुकत नाही. पोपडे आणि सुटलेली लांबी खरवडून भिंत उघडी सोडा. लोणा आला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत आत जातात. मार्च-एप्रिलच्या उन्हात भिंत निवांत वाळू द्या, मग तीच फॉइलची चाचणी पुन्हा करा. दोन दिवसांनी भिंतीकडची बाजू कोरडी निघाली तरच लांबी आणि प्रायमर. शक्य असेल तर त्या भिंतीला पहिल्या पावसाळ्यात नुसता प्रायमर ठेवा आणि शेवटचे दोन हात गणपतीनंतर मारा.